दगडाच्या नावानं बोटं मोडून काय होणार?

दात दिसतील असा माझ्या मामेबहिणीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्येही ती ओठ मिटूनच हसते. ती पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यात वाढली. तिचे कायमचे दात आले, ते तपकिरी पट्टे घेऊनच. त्यावर सगळ्यांचं निदान एकच: पोरगी दात घासत नाही. राखुंडी झाली, मीठ झालं, लिंबू झालं. पट्टे काही गेले नाहीत. सुट्टीत गेलो की मीही तिला चिडवायचो.

इंजिनीअरिंगला असताना मला कळलं, की ते डाग फ्लोराइडचे होते. हे गुपितही नव्हतं. २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये पांढरकवडा भागातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर शोधनिबंध छापून आला होता. आमच्या घरापर्यंत मात्र तो पोचलाच नव्हता.

मामाजींच्या शेतातल्या विहिरीत डोकावलं की थर दिसतात. वर काळी माती, मग पांढुरकी चुनखडी, त्याखाली मुरूम आणि तळाशी काळा पत्थर. हा पत्थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. ज्या मातीत आपण कापूस पेरतो, ती याच दगडाची झालेली. पाऊस या मातीत मुरतो. तिथं पिकांची मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास सोडत असतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि खडकाला कणाकणानं विरघळवायला लागतं. खोलवर हेच पाणी वर्षानुवर्षं रेंगाळलं की क्षारयुक्त होत जातं आणि त्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला बसतं. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला बांधून ठेवतं. ते कमी झालं, की खडकातून सुटलेलं फ्लोराइड पाण्यात मोकळं राहतं.

मग कुणीतरी हातपंप मारतं.

दाताचं इनॅमल हेसुद्धा कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिजच. लहान वयात, हिरडीच्या आत ते घडत असताना पोटात जास्त फ्लोराइड गेलं तर घडणच बिघडते. मग राखुंडीनं काय निघणार? झाडाच्या शेंड्यापासून भूजलाच्या तळापर्यंतच्या पट्ट्याला शास्त्रज्ञ ‘क्रिटिकल झोन’ म्हणतात; २००१ सालच्या एका अमेरिकी अहवालानंतर हा शब्द रुळला. माझ्या बहिणीचे दातही त्याच पट्ट्यात येतात, असं मला वाटतं.

आता प्रश्न असा, की चूक कुणाची?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड आहे. कोडची कुठलीही ओळ शेवटची कुणी बदलली, ते नावानिशी समोर येतं. इथं ती कमांड चालवली तर काय दिसेल? दगडाचा काही हेतू नव्हता. मुळांनी श्वास घेतला, एवढंच. आणि बोअर? १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर झाले, कारण आधीच्या विहिरी आटत होत्या आणि उघड्या पाण्यानं पोरं हगवणीनं आजारी पडत होती. बांगलादेशातही याच चांगल्या हेतूनं कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्यांतून आर्सेनिक वर आलं. साखळीतली प्रत्येक कडी निर्दोष, तरी शेवटी एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसते.

मामाजी एकदा म्हणाले, “आता कोनाच्या नावानं बोटं मोडाची? दगडाच्या?”

ते चिडून म्हणाले होते, पण मला तो वाक्यात अडकलेला खरा प्रश्न वाटतो. दोषी सापडला की जबाबदारी ठरते, असं आपण धरून चालतो. दोषी सापडला नाही, तर फाइल बंद. आणि कारण कळलं नाही, तर दोष सगळ्यात लहान माणसावर येऊन पडतो. आमच्याकडे तो आठ वर्षांच्या पोरीवर पडला, आणि टाकणाऱ्यांत मीही होतो.

मला आता वाटतं, जबाबदारी माहितीपासून सुरू होते. कळलं त्या दिवसापासून. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड ही आपल्याकडची मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी आणि चुना वापरून ते काढायची ‘नालगोंडा’ पद्धत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’नंच विकसित केली. पावसाच्या ताज्या पाण्यात ते नगण्य असतं. एवढं माहीत असलेला माणूस “मी काय केलं?” असं विचारून मोकळा होऊ शकत नाही.

अर्थात, माहिती असून हात बांधलेलेही असतात. चांगलं पाणी दोन किलोमीटरवर असेल आणि मजुरीला सातला निघायचं असेल, तर मामी दारातल्या बोअरचंच पाणी भरणार. तिला मी पुण्यात फिल्टरचं पाणी पीत काय शिकवू? म्हणून ही जबाबदारी सगळ्यांवर सारखी नाही. ज्याला जास्त कळलंय आणि ज्याच्या हातात जास्त आहे, त्याच्यावर ती जास्त.

बहिणीला आता तीन वर्षांची मुलगी आहे. म्हणजे तिचे कायमचे दात या घडीला हिरडीच्या आत घडतायत. गेल्या दिवाळीत मी बहिणीची माफी मागितली. ती म्हणाली, “ते जाऊ दे दादा. पाणी तपासून आन पहिले.”

बाटली भरून आणली आहे.