अंधारीतले जमा-नावे

बँकेत वीस वर्षे घासलेल्या माणसाला एकेरी नोंद सहन होत नाही. कुठे शंभर रुपये जमा पडले, की कुणाच्या तरी नावे पडलेच पाहिजेत. आमचे सगळे अध्यात्म एवढेच. इतिहासाची वही मात्र आपण एकेरीच ठेवली आहे की काय, अशी शंका मला देवगिरीच्या अंधारीत आली.

आम्ही पिंपळगाव रेणुकाईचे, म्हणजे मिरचीच्या बाजारातले. भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री करीत सहकुटुंब दौलताबादला पोचेपर्यंत दशम्या निम्म्या आणि ठेचा सगळा संपला होता. आमच्याकडे बदलीचा हुकूम एकेकट्याला निघतो. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानीच इथे बदलून आणली! प्रवासभत्त्याचे काय झाले, देव जाणे.

अंधारी म्हणजे कातळात कोरलेला वळणावळणाचा बोगदा. आत शिरल्यावर गाइडने बॅटरी विझवली आणि रंगात येऊन सांगू लागला. पायऱ्या मुद्दाम कमीजास्त. उजेड दिसला म्हणून तिकडे धावावे, तर थेट खंदकात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. त्यावर आगटी पेटवून धूर आत सोडायचा. "काळोखात दुश्मनाचे लोक एकमेकांनाच कापायचे, साहेब!"

मंडळी खूश झाली. सौ.ने तर तिथल्या तिथे सुधारणा सुचवली, "निखाऱ्यावर दोन मुठी मिरची टाकायची. लाकडं तरी कमी लागली असती." मेहुण्यांनी मिरचीचा वाणही सांगितला. तेवढ्यात धाकट्याने विचारले, "बाबा, आपण तेव्हा असतो तर वर असतो की खाली?"

आता आली का पंचाईत! किल्ला पाहणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात वर, आगटीपाशी उभा असतो. खंदकात पडतो तो 'दुश्मन'. त्याला घर नाही, म्हातारी आई नाही. पण हिशेब मांडून पाहा. यादव, खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, १६३३ साली मोगल. किल्ला या हातातून त्या हातात जात राहिला. काल खाली ठेचकाळणारे आज वर. आणि पगारी शिपायाला पहिल्या रांगेत कोण धाडतो? ज्याचा वशिला नाही, त्यालाच धाडतात. त्या हिशेबाने मी खालीच असणार, आणि तेही सर्वांत पुढे.

मग अंधारीचे कौतुकच करू नये काय? जरूर करावे. ज्यांनी तो कातळ फोडला, त्यांच्या छिन्नीला हात जोडावेत. आत कोंडलेल्यांच्याही मुलाबाळांचा प्रश्न होता. जीव वाचवणे हा काही गुन्हा नव्हे. फक्त वर शौर्य जमा करताना खाली कुणाच्या घरचा माणूस नावे पडला, तेही त्याच पानावर लिहावे. तेवढ्याने शौर्य काही कमी होत नाही. ताळेबंद मात्र जुळतो.

धाकट्याला मी एवढेच म्हणालो, "वर असतो तर आगटी पेटवावीच लागली असती, बाळा. पण पेटवताना हसलो नसतो."

तो बराच वेळ गप्प होता. गाइडने तोवर पुढच्या मंडळींसाठी पुन्हा बॅटरी विझवली होती.