खेळण्यातले उणे

हाताने घडविलेल्या वस्तूत थोडे उणेअधिक राहावयाचेच, ते आपण मान्य केले पाहिजे, असे म्हणणारा मनुष्य सहसा उदार समजला जातो. परंतु या साध्या दिसणाऱ्या वाक्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. उणे मान्य करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? ते दिसूनही न दिसल्यासारखे करावयाचे, त्यालाच सौंदर्य म्हणावयाचे, की त्याचा भार आपण उचलावयाचा? या तीन गोष्टी एक नव्हेत; आणि माझ्या मते त्यांपैकी तिसरीच खरी मान्यता होय.

काशीत बदलून आलेल्या मराठी माणसाला याचे उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा गंगाकाठचा भाग पेशवाईच्या काळापासून महाराष्ट्रीयांच्या वस्तीचा. आपल्यापैकी जो कोणी येथे दोन-तीन वर्षे काढून दुसऱ्या गावी जातो, त्याच्या सामानात गंगाजलाच्या तांब्याबरोबर बनारसची लाकडी खेळणी हटकून असतात. कोणी पक्ष्यांची जोडी नेतो, कोणी दशावतारांचा संच, तर कोणी कुंकवाच्या करंड्याऐवजी इकडचा लाखकामाचा सिंधोरा. खेळण्यासाठी नेलेल्या या वस्तू पुष्कळदा मुलांच्या हाती न जाता काचेच्या कपाटात जाऊन बसतात आणि मग त्यांच्याकडे निरखून पाहणे सुरू होते.

ही खेळणी होतात ती शहराच्या दक्षिणेकडील खोजवाँ आणि कश्मीरीगंज या मोहल्ल्यांत. पूर्वी यांसाठी कोरैयाचे लाकूड वापरीत. ते दुर्मिळ झाल्यावर युकॅलिप्टसवर काम भागवावे लागते. गोल वस्तू खरादावर उतरतात. लाकूड गरगर फिरत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याच्या पानाने ती सारखी करून तिला चकाकी आणतात. देवादिकांच्या मूर्ती व जनावरे मात्र छिन्नीने कोरून कुंचल्याने रंगवितात. यात चुकण्याच्या जागा किती तरी! लाकूड पुरते वाळलेले नसले तर पुढे चीर जाते. कांडी क्षणभर जास्त दाबली गेली तर रंगाची एक कड जाड होते. कुंचल्याचा केस वळला की एक डोळा दुसऱ्याहून मोठा होतो.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी असाच एक दशावतारांचा संच घेतला होता. घरी आल्यावर कूर्माचे डोळे विषम असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो नग दुकानात बदलून घेतला. दुकानदाराने तक्रार न करता दुसरा कूर्म दिला आणि पहिला बाजूला ठेवीत तो इतकेच म्हणाला, ‘‘कोई बात नहीं बाबूजी, बनानेवाले के हिसाब में काट लेंगे.’’ या व्यवहारात बेकायदेशीर काही नाही, दुकानदाराच्या बोलण्यात कडवटपणाही नव्हता. तथापि एका डोळ्याच्या किंचित मोठेपणाचा खर्च कोठून निघाला आणि कोठे जाऊन पडला, हे त्या वाक्याने स्पष्ट झाले. ग्राहकाचे नुकसान झाले नाही, दुकानदाराचेही नाही. ज्याला मजुरी नगावर मिळते त्याच्या माथी ते गेले.

अपूर्णतेच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्यांत जॉन रस्किनचे नाव प्रथम घ्यावे लागेल. ‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाच्या १८५३ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात गॉथिक शिल्पाचा विचार करताना त्याने असे प्रतिपादन केले की, कारागिराकडून काटेकोर निर्दोषपणाचा आग्रह धरणे म्हणजे त्याला माणूस न ठेवता हत्यार बनविणे होय. ओबडधोबडपणा ही त्याच्या स्वातंत्र्याची खूण आहे. विचार थोर आहे. परंतु तो आपल्या कूर्माला पुरतेपणी लागू पडत नाही. गॉथिक मंदिरावर मनाजोगती आकृती खोदणारा पाथरवट आणि एकाच नमुन्याचा शंभरावा कूर्म रंगविणारा बनारसी कारागीर यांत अंतर आहे. या दुसऱ्याचा डोळा चुकला तो स्वातंत्र्यामुळे नव्हे. हात शिणल्यामुळे किंवा उजेड अपुरा असल्यामुळे चुकला असेल. त्या शिणलेल्या हाताच्या खुणेला आपण ‘स्वातंत्र्य’ किंवा ‘लोककलेची गोडी’ म्हणू लागलो, तर त्यात कारागिराचा गौरव किती आणि आपल्या रसिकतेचे कौतुक किती, हे तपासावे लागेल.

उलट बाजूचा मनुष्यही आपल्या परिचयाचा आहे. जपानमध्ये मऊ व्हिनिलची खेळणी ‘सोफुबी’ या नावाने प्रसिद्ध आहेत आणि मोठी माणसे ती हौसेने जमवितात. ती साच्यातून निघतात म्हणून यंत्राची वाटतात. वस्तुतः द्रव व्हिनिल धातूच्या साच्यात तापवून, ते गरम आहे तोवर चिमट्याने ओढून बाहेर काढण्याचे काम माणसाच्याच हाताचे असते आणि रंगाची फवारणीही पुष्कळदा हातानेच होते. साहजिकच कोठे बुडबुडा राहतो, कोठे रंग रेषेबाहेर जातो. मोजकेच नग, हाताने केलेले, म्हणून जो संग्राहक जास्त दाम मोजतो, तोच घरी नेल्यावर भिंग घेऊन ठिपके शोधतो. त्याला हात हवा असतो, पण हाताची खूण नको असते. ही मागणी मुळातच स्वतःशी विसंगत आहे.

मग सारेच दोष पोटात घालावे काय? मुळीच नाही. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस वाटोळी पाने हाताने रंगवितात. पानाच्या चित्रावर मत्स्याची शेपटी थोडी वाकडी आली तर काही बिघडत नाही. परंतु पानाच्या पाठीवर वेगळा डाग पडला तर ते पान पालथे असतानाही ओळखू येईल आणि खेळच मोडेल. एकाच चितारी हाताची ही दोन उणी, पण एक सोसण्याजोगे आणि दुसरे नव्हे. कारण वस्तूने जे वचन दिलेले असते त्याचा भंग दुसऱ्यानेच होतो. सिंधोऱ्याचे झाकण बसत नसेल, खुळखुळ्याला कुसळ असेल, रंग बाळाच्या तोंडात उतरत असेल, तर तेथे उदारपणा दाखविणे म्हणजे बेफिकिरी होय.

सरकारी नियमांतही असा विवेक केलेला आढळतो. २०२० च्या खेळणीविषयक गुणवत्ता नियंत्रण आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. पण हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या आणि भौगोलिक निर्देशांकाची नोंद असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट देण्यात आली. खरादावरच्या माणसाला कारखान्याच्या मापाने मोजू नये, हा त्यातला न्याय योग्यच आहे. मात्र कायद्याने सूट दिली म्हणून नीतीने दिली असे होत नाही. रंग निर्धोक असावा ही अपेक्षा सूट मिळालेल्या कारागिराकडूनही ठेवलीच पाहिजे. तशी न ठेवणे म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा न मानणे होय.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. उण्याकडे डोळेझाक करणारा कारागिराला कमी लेखतो. त्याच्याकडून याहून अधिक काय होणार, असा त्याचा मनातला भाव असतो. उण्याला सौंदर्य म्हणणारा त्याला ऐकूनच घेत नाही. कारण स्वतः कारागिराला विचारले तर तो विषम डोळ्याला गुण म्हणणार नाही, चूकच म्हणेल. या दोघांना त्या उण्यापायी एक पैदेखील पडत नाही. आणि नग बदलून घेणारा तर सारा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर ढकलून मोकळा होतो.

खऱ्या मान्यतेला दोन अंगे आहेत: पूर्ण किंमत आणि खरे बोलणे. डोळे विषम असलेला कूर्म पाहून, ते विषम आहेत हे जाणून, घासाघीस न करता तो घ्यावा. आणि झाकण बसत नसेल तर तेही स्पष्ट सांगावे, शक्य तर ज्याने केले त्यालाच. पहिल्यात त्याच्या श्रमाचा मान आहे, दुसऱ्यात त्याच्या कौशल्याचा. आपण दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारण्याच्या जागी बसणारी माणसे. शेरा लिहिताना उणे कोणाचे, हे आपण नेमके लिहितो. त्याचा भार कोणी वाहावा, हेही त्याच वेळी मनाला विचारावे. बाजारातून एक लाकडी खेळणे विकत घेताना हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तरी पुष्कळ झाले.