शेताचा कोपरा

परळी वैजनाथ म्हटले की ज्योतिर्लिंगाबरोबर औष्णिक विद्युत केंद्राची धुराडीही डोळ्यांपुढे येतात. १९७१ पासून तेथे कोळसा जळत आला आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंदही पडले होते. आता कोळशाच्या केंद्रांसाठी नवा दंडक आला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, कोळशात मिसळणे बंधनकारक केले. २०२३ च्या दुरुस्तीने हे प्रमाण २०२४-२५ पासून ५ टक्के व पुढील वर्षापासून ७ टक्के ठरविले. पंजाब-हरयाणात भाताचे खुंट शेतातच जाळले जातात आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. त्यावर हा उपाय. हेतू चांगलाच आहे. आम्ही अडतो ते 'टाकाऊ' या एका शब्दापाशी.

बीड जिल्ह्यात पऱ्हाटी टाकाऊ नसते. कापसाची शेवटची वेचणी झाली की भूमिहीन घरांतील बायका शेत मोकळे करून देतात आणि पऱ्हाटी घरी नेतात. तुराट्यांचेही तेच. दाराशी रचलेल्या त्या ढिगावर पुढचे कित्येक महिने चूल पेटते. या व्यवहाराची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नाही. उद्या पऱ्हाटीला टनामागे भाव आला तर तो मालकाला मिळेल, ठेकेदाराला मिळेल. जिच्या डोक्यावरून ती आजवर वाहिली गेली, तिला कोणी विचारणारही नाही.

लेवीयाच्या पुस्तकात देवाने इस्राएली शेतकऱ्याला बजावले आहे की, शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांची व परक्यांची. येथे दानधर्माची विनवणी नाही. कोपरा मालकाचा नव्हेच, असा हा कायदा आहे. त्याच कायद्यावर मवाबी रूथ आणि तिची सासू जगल्या. रूथची कथा आम्ही वर्षानुवर्षे सासू-सुनेच्या मायेची म्हणून सांगितली. तिच्यातील शेतीचा कायदा आमच्या ध्यानी फार उशिरा आला, हे कबूल केले पाहिजे.

हा कायदा आपल्याकडेही थोडा जिवंत आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. तोडलेल्या उसाचे वाढे रिवाजाने बहुधा तोडणाऱ्यांकडे जातात. ते बैलांना घालतात, उरलेले विकतात. पण त्याच उसाच्या चिपाडांवर कारखाना वीज निर्माण करतो, विकतो, आणि ती अक्षय ऊर्जा म्हणून मोजली जाते. तोडणाऱ्याच्या कोपीत मात्र अनेकदा दिवाही नसतो.

कोणी म्हणेल, फादर, चुलीचा धूर काय पुण्याचा? नाही. त्या धुराने बायकांची फुप्फुसे खराब होतात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण दुसरे सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा पऱ्हाटीच. पऱ्हाटी जायचीच असेल तर तिच्या किमतीतला वाटा आधी त्या सिलिंडरात पडावा.

मग लाकूड जाळावे काय? इंग्लंडमधील ड्रॅक्स हे एके काळचे कोळशाचे प्रचंड केंद्र आज लाकडाच्या पेलेटवर चालते; त्या मुख्यतः अमेरिका व कॅनडातून जहाजांनी येतात. धुराड्यातून निघणारा कार्बन तेथे शून्य धरतात, कारण झाड पुन्हा वाढेल! पऱ्हाटीचा कार्बन पुढल्या हंगामाचे पीक शोषून घेईल. झाडाला दशके लागतात. कर्ज घेणारे आपण, फेडणारी आज बाप्तिस्मा घेणारी बाळे. आमच्या मते हे प्रकरण सातव्या आज्ञेत मोडते.

आपल्या जिल्ह्यात वन आहेच किती? बालाघाटाच्या उतारांवरची झुडपे आणि पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य. म्हणून सरपणाच्या लागवडीसाठी नजर जाईल ती 'पडीक' जमिनीवर, म्हणजे गायरानावर. ज्या गायरानासाठी एकनाथ आवाडांनी आयुष्य वेचले, तेथे आज भूमिहीनांची शेळी चरते, कुठे त्यांची ज्वारीही उभी असते. सरकारी कागदावर ती जमीन मोकळी दिसते. ठेका देण्याआधी अधिकाऱ्याने एकदा सकाळी तेथे जाऊन उभे राहावे, आणि ग्रामसभेत त्या शेळीच्या मालकिणीला पुढे बसवावे.