भक्तस्मरण आणि ममता

श्रीचक्रधरस्वामींनी आचारधर्म सांगताना स्वदेशाचा त्याग सांगितला, स्वग्रामाचा त्याग सांगितला, आणि संबंधियांच्या संबंधाचा त्याग विशेषत्वाने सांगितला. साधकाने हे ‘विशेषत्व’ दृष्टीआड करू नये. गाव सुटते, घर सुटते. परंतु ज्या हातचे अन्न खाऊन देह वाढला त्या हाताची आठवण सुटत नाही. स्मरण हे तर आपल्या मार्गात परमेश्वराप्रीत्यर्थ करावयाचे. त्याचे नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांनी अंतःकरण भरावे, तेथे एखाद्या जीवाची आठवण आणून बसविणे हा दोष नव्हे काय?

हा प्रश्न २०२२ च्या चैत्रात मला प्रत्यक्ष विचारला गेला. पूर्वाश्रमीचे माझे वडील बंधू आश्रमात आले. दंडवत घालून त्यांनी “बाबा, आई गेली” एवढेच सांगितले, आणि काही वेळाने विचारले, “तिच्या नावे वर्षातून एक दिवस पारायण आणि अन्नदान करावे, असे घरच्यांच्या मनात आहे. ते धर्मात बसते का?” मी त्या वेळी उत्तर दिले नाही. ज्याचा स्वतःचाच संबंध त्या प्रश्नात गुंतलेला, त्याने तत्काळ दिलेले ‘होय’ आणि तत्काळ दिलेले ‘नाही’ ही दोन्ही सारखीच संशयास्पद.

अशा वेळी लीळाचरित्राकडेच वळले पाहिजे. स्वामींच्या सन्निधानी असलेला परिवार पाहावा. आबाइसा या श्रीनागदेवाचार्यांच्या माता, उमाइसा भगिनी, महदाइसा चुलत भगिनी. एकाच कुळातील ही माणसे एकाच परमेश्वरापाशी आली. स्वामींनी त्यांना परस्परांपासून दूर लोटले नाही. मात्र त्यांच्या नात्याचे अधिष्ठान पालटले. पूर्वी ती एका कुळात जन्मली म्हणून एकमेकांची होती. आता एका सन्निधानाला आली म्हणून एकमेकांची झाली. त्याग झाला तो पहिल्या अधिष्ठानाचा. माझ्या अल्पमतीप्रमाणे सूत्राचा रोख येथेच आहे.

महदाइसांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांना बालवैधव्य आले. मूलबाळ नाही, घरसंसार नाही. तरी ‘म्हातारी’ म्हटल्यावर मार्गात प्रथम त्यांचीच मूर्ती डोळ्यांपुढे येते. हे वडीलपण त्यांना वयाने मिळाले असे मला वाटत नाही. ते मिळाले प्रश्नांनी. लीळाचरित्रातील कितीतरी लीळा त्यांच्या पुसण्यातून उलगडतात. त्यांनी विचारले नसते तर जे निरूपण आपल्यापर्यंत आलेच नसते, त्याचा विचार कोणी करीत नाही. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत त्या राहिल्या. प्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली तेव्हा त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून साहित्याचे इतिहासकार आज त्यांचे नाव घेतात. त्यांनी मात्र ती सेवा म्हणून केली होती.

केशोबासांची कथा सर्वश्रुत आहे. त्यांचा ओढा संस्कृत रचनेकडे. परंतु त्यायोगे आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, म्हणून भटोबासांनी त्यांना परावृत्त केले. आपले शास्त्र मराठीत राहिले, ते या वृद्ध स्त्रियांच्या अधिकाराचा मान राखण्यासाठी. (२०२३ मध्ये शासनाने कायदा करून रिद्धपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापिले. तेथील विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हीच कथा सांगावी, असे मला वाटते.) पुढे ग्रंथ लुटले गेले तेव्हा हिराइसांच्या मुखोद्गत पाठाने लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले, असे परंपरा सांगते, ‘हिराइसा पाठ’ हे नाव त्याची साक्ष देते.

भक्तांचे स्मरण सरसकट ममता ठरत असते, तर ‘स्मृतिस्थळ’ हा ग्रंथच आपल्याकडे झाला नसता. परंतु त्यात काय जतन केले आहे हेही पाहावे. कोणाचे रूप नाही, कोणाचे वैभव नाही. भक्त धर्मात कसा वागला, कोठे चुकला, चुकल्यावर कसा सावरला, एवढेच आहे. ममता दोष झाकते. भक्तस्मरणाला दोष झाकण्याचे प्रयोजन नसते.

या कसोटीवर मी आईचे आचरण घासून पाहिले. भिक्षुकाच्या झोळीत भाकरी पडल्याखेरीज तिने घरात पान वाढले नाही. सुनांना अक्षरओळख नव्हती. चुलीपाशी बसवून तिने त्यांच्याकडून सूत्रे पाठ करून घेतली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या मळ्यातील विहिरीला थोडे पाणी होते. ते तिने गावातील सर्व वस्त्यांना खुले केले आणि त्यापायी भावकीचा रोष पत्करला. मी तेव्हा पाळण्यात होतो. हे मला गावकऱ्यांनी सांगितले.

परंतु एकोणिसाव्या वर्षी मी अनुसरणाची आज्ञा मागितली, तेव्हा याच माउलीने दोन दिवस चूल पेटविली नाही. दुसऱ्याचा मुलगा झोळी घेऊन दारी आला की जिला आनंद होई, तिला स्वतःच्या मुलाच्या खांद्यावर ती झोळी पाहवेना. मी निघालो तेव्हा ती दाराशी आली नाही.

तीन वर्षांनी ती यात्रेच्या निमित्ताने आश्रमात आली. सर्व भिक्षूंना घातले तसे मलाही तिने दंडवत घातले. मला नावाने हाक न मारता ‘बाबा’ म्हणाली. माझ्या प्रकृतीची चौकशी केली नाही. एका सूत्राचा अर्थ तिला लागत नव्हता, तो विचारला. आणि मी सांगितलेल्या अर्थाने तिचे समाधान झाले नाही, हेही स्पष्ट बोलून दाखविले. ती शंका वाजवी होती. मला ती पुढे आमच्या महंतांपुढे ठेवावी लागली.

बंधूंना मी महिन्याने पत्र लिहिले. पारायण करावे, अन्नदानात वस्ती पाहू नये. देवपूजेत विशेषांच्या शेजारी तिची तसबीर ठेवू नये. मुलानातवंडांना विहिरीची गोष्ट सांगावी, आणि दोन दिवस न पेटलेल्या चुलीचीही सांगावी. तुम्ही याल का, असे त्यांनी उलट टपाली विचारले. मी गेलो नाही. त्या दिवशी आश्रमातील नवशिक्या भिक्षूंकडून महदाइसांच्या पुसण्याच्या लीळा वाचून घेतल्या.