वेगळी वाटी

तत्त्वज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे. मी बी.कॉम., तोही सेकंड क्लास. बँकेच्या काउंटरवर बसून दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करणारा माणूस. पण या चंपाषष्ठीला आमच्या शहाडच्या गच्चीवर एका वांग्यानं मला असा पेच घातला, की अर्जुनानंही मला शेजारी बसवून घेतलं असतं.

चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा ताटात येतं. तेवढं निमित्त साधून आमच्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी वर्गणीचं भरीत होतं. खजिनदार अर्थातच मी. भाकऱ्या ज्याच्या त्याच्या घरून, आणि पापड पहिल्या मजल्यावरच्या सिंधी काकांकडून. उल्हासनगर हाकेच्या अंतरावर असताना पापड दुसऱ्या कुणी आणणं हा त्यांना अपमान वाटतो. मधोमध परात, भोवती सगळे. पापड मोडायचा, भरितात बुडवायचा, गट्टम्. तुकडा एकदाच बुडवायचा, हा आमच्या सोसायटीत एकमतानं पास झालेला एकमेव ठराव!

तिसऱ्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्या छकुलीला दूध चालत नाही. दह्याचं बोट लागलं तरी ओठ सुजतात, श्वास लागतो. आमच्या भरितात दही सढळ. म्हणून तिची वाटी वेगळी. परातीजवळ नको, म्हणून ती वाटी घेऊन पाण्याच्या टाकीपाशी बसायची. गेली दोन वर्षं ही व्यवस्था मी जातीनं बघितली आणि तेवढं पुण्य माझ्या खात्यावर जमा धरलं.

यंदा ती वर आलीच नाही. हाक मारायला गेलो, तर दारातूनच म्हणाली, "काका, मला भूक नाहीये." मागे तिची आई उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

जिना चढताना मी स्वतःशी वाद घालत होतो. एकीसाठी बावीस जणांनी दही सोडायचं? उद्या कुणाला शेंगदाणे चालले नाहीत तर? परवा कुणाला वांगंच? मग परातीत काय, मीठ ठेवायचं? आणि वेगळी सोय तर केलीच होती की! हिशेब चोख होता. फक्त मूल जेवायला आलं नव्हतं.

वर दुसऱ्या मजल्यावरच्या जळगावच्या आजी भाजलेली वांगी सोलत होत्या. मी दह्याचं भांडं पुढे केलं.

"भरितात दही? ते कशाला, बाबा?"

त्यांच्याकडे हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. दुधाचा थेंब नाही. त्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दह्याची शिफारस न लावता, बरं का! तिकडे लेबनॉन-सीरियातही भाजलेल्या वांग्यात तिळाचं वाटण, लिंबू नि लसूण घालून बाबा गनूश करतात. तोही पोळीनं सगळे मिळून एकाच बशीतून खातात.

आजींनी निम्मे दाणे बारीक कुटून घातले आणि ठेचत राहिल्या. भरीत लोण्यासारखं झालं. लोणी नव्हतंच, हेच तर विशेष.

म्हणजे ज्याला मी बावीस जणांचा हक्क समजत होतो, ती नुसती सवय होती. शेंगदाण्यांचं म्हणाल, तर ते कुणाला चालले नाहीत की तेही काढू; वांग्याची वेळ आली की बघू. एक गोष्ट मात्र मला पटली. परातीत ते असावं, जे सगळ्यांना चालतं. ज्याला कमी चालतं त्याला बाजूला बसवायचं नाही. ज्याला जास्त हवं त्यानं आपली वाटी घेऊन उठावं. ज्या जॉइंट खात्यावर एकाला सहीच करता येत नाही, ते जॉइंट कसलं?

आजींनीच छकुलीला हाक मारली. ती आली, आधी आईकडे बघितलं, मग पापड बुडवला. एकदाच. ठराव तिलाही पाठ होता.

पण तत्त्व वेगळं आणि जीभ वेगळी. मला दह्याशिवाय राहवेना. नियमाप्रमाणे मी वाटीत थोडं भरीत घेतलं, वर दही घातलं आणि टाकीपाशी जाऊन बसलो. हसण्याचा आवाज येत होता, विनोद कळत नव्हता. परातीपासून टाकी जेमतेम पंधरा पावलं. पण बसून बघितल्यावर अंतर बरंच निघालं.

तेवढ्यात छकुलीनं लांबूनच विचारलं, "काका, तुम्हाला काय झालंय?"