क्षण थांबतो का?

वांद्रे किल्ल्यावरून माहीमच्या खाडीपलीकडचे वरळीचे मनोरे सूर्यास्ताला टिपणारा माणूस क्षण धरून ठेवू पाहतो, आणि सारे काही क्षणिक मानणाऱ्या बौद्ध विचाराला ही आसक्तीच वाटेल. मला मात्र ते छायाचित्र क्षणिकतेचाच पुरावा वाटते. क्षितिजाला टेकलेला सूर्य भूमितीच्या हिशेबाने आधीच बुडालेला असतो. सुमारे 8 मिनिटांपूर्वी निघालेला प्रकाश वातावरणात वाकतो आणि बिंब वर दिसते. तिपाईवरच्या कॅमेऱ्याचे शटर 30 सेकंद उघडे ठेवा, लाटांचे धुके होते, सागरी सेतूवरच्या गाड्यांच्या रेघा उरतात. गोठलेला क्षण त्यात कुठेच सापडत नाही. सापडते ते वाहणे.

कुणी म्हणेल, दुरून डोंगर साजरे. मनोऱ्यांच्या पायथ्याचा वरळी कोळीवाडा त्या सोनेरी चौकटीत काळोखात जातो. हा आक्षेप खरा आहे, आसक्तीच्या आरोपाहून कितीतरी जड आहे. पण त्याचा दोष अंतराला देता येत नाही. उजळ आकाश मोजून एक्स्पोजर ठरवले की खालचे सगळे काळे पडते, आणि काय मोजायचे हे माणूसच निवडतो. कोळीवाड्यातले दिवे लागेपर्यंत थांबायचे ठरवणाराही त्याच किल्ल्यावर, तेवढ्याच अंतरावर उभा असतो.