लहान हातात बंदूक

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरात कुटुंबेच्या कुटुंबे हरणांच्या शिकारीस जातात. वडीलधारे माणूस सोबत असल्यास मुलांना लागू असलेली १० वर्षांची अटही २०१७ च्या कायद्याने उठली. ताटातले मांस कोठून येते हे मुलांना कळावे, असे पालक म्हणतात. ते खोटे नाही. कोकणात आम्हीही लहानपणी कोंबडी घेऊन हजानकडे जात असू. पण सुरी शिकलेल्या हातीच असे, आणि मग रक्तावर माती लोटली जाई. तोरात ही आज्ञा शिकार करणाऱ्यालाच दिली आहे. घेतलेला जीव मिरवायचा नसतो. मुलांना मरण जरूर दाखवावे. परंतु "नको" म्हणण्याची समज आलेली नसताना त्यांच्या बोटाशी बंदुकीचा चाप देऊ नये, असे आम्हांस वाटते.